रुग्णसेवेत हात फुटलेत, तर हात धुणं कमी करायचं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सासूबाईंना पक्षाघात होऊन डावी बाजू गेली आहे, त्या अंथरुणावरच आहेत. मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, लघवीची नळी आहे, डायपर आहे. घरात दोन वर्षांचा मुलगा. तुम्ही प्रत्येक कामानंतर साबणाने हात धुता, वर बादलीत अँटीसेप्टिक टाकून त्यात हात बुडवता, आणि आता बोटांच्या पेरांवर भेगा पडून रक्त येतंय. यजमान म्हणतात, दिवसभर ग्लोव्हज घालून राहा. चुलतसासूबाई म्हणतात, घाण डाव्या हाताने काढावी, उजवा सैपाकाला ठेवावा, इतकं धुवायचं कारणच काय. आणि तुम्ही विचारताय, दिवसातून नेमके किती वेळा हात धुवायचे?

मी परिचारिका आहे. बरीच वर्षं सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात होते, आता घरी असलेल्या रुग्णांच्या माणसांना शुश्रूषा शिकवते. हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो आणि आकडा मी कुणालाच सांगत नाही. आकडा दिला की माणूस आकडा पुरा करतो. त्यात धुवायला हवं तेव्हा राहून जातं आणि नको तेव्हा तीनदा होतं.

घरोघरी मला दिसतं ते असं. हात धुतले जातात ते काम झाल्यावर. डायपर बदलला, धुतले. युरिन बॅग रिकामी केली, धुतले. थुंकी पुसली, धुतले. किळस वाटली की पाय आपोआप बेसिनकडे वळतात. पण नळीला हात लावण्याआधी, डोळ्यात थेंब घालण्याआधी, इन्सुलिन टोचण्याआधी, जखमेचं ड्रेसिंग उघडण्याआधी क्वचित कुणी धुतं, कारण तेव्हा हात ‘स्वच्छच’ असतात. नुकतंच कणीक मळून आलेली, फोनवर बोलून आलेली, मुलाचं शेंबूड पुसून आलेली बाई तशीच नळीला हात घालते. नंतर धुतल्याने तुमचं आणि घरच्यांचं रक्षण होतं. आधी धुतल्याने सासूबाईंचं. त्यांना मधुमेह आहे आणि नळी थेट मूत्राशयात गेलेली आहे. या घरात जंतूंची सगळ्यात जास्त भीती कुणाला असेल तर ती त्यांना.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली रुग्णालयांसाठी हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग ठरवून दिले. रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, शरीरातल्या द्रवाशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जंतू जाऊ नयेत, हा त्यामागचा मुख्य हेतू. घरात खाट एकच. म्हणून घरासाठी मी ते थोडं सैल करते. पाठ चोळली, उशी सरकवली, हातात हात घेऊन गप्पा मारल्या, यासाठी दरवेळी बेसिन गाठायची गरज नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगात मी तसूभरही सूट देत नाही. नळी, सुई, डोळा, तोंड, जखम यांच्या आधी. मल, मूत्र, रक्त, पू, उलटी यांच्या नंतर. आणि अर्थात, रुग्णाच्या खोलीतून सैपाकघरात किंवा मुलाकडे जाताना.

यात काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात. सासूबाई नुकत्याच रुग्णालयातून अँटिबायोटिक घेऊन आल्या असतील आणि पातळ जुलाब होत असतील, तर सॅनिटायझरवर विसंबू नका, साबण-पाणीच वापरा. अशा जुलाबांत कधी कधी जे जंतू असतात त्यांचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, ते धुऊनच काढावे लागतात. डॉक्टरांनाही लगेच कळवा. घरातल्या रुग्णाची केमोथेरपी चालू असेल तर नियम बरेच कडक होतात, त्यांच्या मलमूत्राला काही दिवस ग्लोव्हजशिवाय हात लावायचा नसतो. ते त्यांच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावं. तुमच्या घरी यातलं काही नाही असं धरून पुढचं लिहिते.

आता तुमचे हात. भेगा पडलेला हात हा नुसता तुमचा त्रास नाही, रुग्णसेवेचाही प्रश्न आहे. त्वचा अखंड असते तेव्हा बाहेरून चिकटलेले जंतू साबणाने सहज निघतात. भेग पडली की ओट्याच्या फरशीच्या सांधीसारखं होतं, वरून कितीही घासा, आतलं आतच राहतं. शिवाय आग होते म्हणून माणूस नकळत कमी चोळतो, घाईघाईत पाण्याखाली धरून काढतो. म्हणजे तुम्ही जितकं जास्त धुताय तितके हात कमी स्वच्छ होत चाललेत. त्यामुळे ‘धुणं कमी करू का’ याला माझं उत्तर आहे, हो, पण नेमकं काय कमी करायचं ते ठरवून.

सगळ्यात आधी बादलीतलं अँटीसेप्टिक बंद करा. साध्या साबणाने नीट धुतलेल्या हाताला घरात त्यावर काही लागत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली ‘अँटिबॅक्टेरियल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणांतले ट्रायक्लोसॅनसह १९ घटक घरगुती वापरातून काढायला लावले. साध्या साबणापेक्षा ते अधिक गुणकारी असल्याचा पुरावा कंपन्यांना देता आला नव्हता. तुम्ही वापरताय ते द्रव वेगळ्या घटकाचं असेल, तरी दिवसातून अनेकदा त्यात हात बुडवले की त्वचेतलं तेल निघून जातंच. त्यात दिवसभर तेच पाणी वापरलं जात असेल, तर दुपारपर्यंत त्यात काय काय उतरलं असेल याचा विचार करा.

दुसरं, गरम पाणी. थंडीत बरं वाटतं, पण त्याने जंतू मरत नाहीत. ते मरतील इतकं गरम पाणी हाताला सोसणारच नाही. नुसती त्वचा कोरडी पडते. नळाचं साधं किंवा कोमट पाणी पुरे. भांड्यांचा बार किंवा कपड्यांची पावडर हाताला लावत असाल तर तेही सोडा. बेसिनवर आणि मोरीत, दोन्हीकडे तोच एक सौम्य साबण ठेवा, जाळीच्या साबणदाणीत, म्हणजे तो पाण्यात बसून गिळगिळीत होणार नाही.

तिसरं तुम्हाला उलटं वाटेल. मल, रक्त दिसत नसेल आणि हात चिकट नसतील, तेव्हा साबणाऐवजी अल्कोहोलचं सॅनिटायझर वापरा. भेगांवर झोंबतं म्हणून लोक ते टाळतात आणि साबणाकडे वळतात. झोंबणं भेगांमुळे आहे, भेगा बहुतेक वेळा साबणामुळे आहेत. ग्लिसरीन असलेलं सॅनिटायझर त्वचेला साबणापेक्षा कमी कोरडं करतं, रुग्णालयांत ते रुळलं त्यामागे हेही एक कारण आहे. पहिले काही दिवस झोंबेल. त्या दिवसांत भेगांना आधी आराम द्या, साबण सौम्य ठेवा, मग हळूहळू सॅनिटायझरवर या. बाटलीवर अल्कोहोल किमान ६० टक्के लिहिलेलं हवं. हात कोरडे असताना तळहातावर दोन-तीन मिलिलिटर घ्या. फवाऱ्याच्या बाटलीतून येणारे चार थेंब पुरत नाहीत. वीस-तीस सेकंद, सुकेपर्यंत चोळा, पुसू नका आणि लगेच पाण्याने धुऊही नका. देवघरातली समई आणि गॅस यांपासून बाटली लांब, मुलाच्या हाताला लागणार नाही अशी. दोन वर्षांचं मूल रंगीत बाटली तोंडाला लावतंच.

आता ग्लोव्हज. शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोजे रुळले त्याची सुरुवातच मुळी एका परिचारिकेचे हात फुटले म्हणून झाली. १८८९-९० च्या सुमाराची गोष्ट, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातली. शस्त्रक्रियागृहातल्या कॅरोलिन हॅम्प्टन या सिस्टरचे हात पारायुक्त जंतुनाशकाने सोलवटून निघाले होते. शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. (पुढे दोघांचं लग्न झालं.) रुग्णाला होणारा जंतुसंसर्ग या मोज्यांनी कमी होतो, हे त्यानंतर काही वर्षांनी ध्यानात आलं.

तेव्हा यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मल काढताना, रक्त-पू असेल तिथे, उलटी आवरताना ग्लोव्हज जरूर घाला. तुमच्या हातावर उघड्या भेगा आहेत तोवर तर घालाच. पण दिवसभर नाही. आत घाम साचून कातडी भिजते, पांढरी पडते आणि आणखी फुटते. दुसरा धोका असा की मोजा घातला की आपण स्वच्छ आहोत असं वाटायला लागतं. डायपर बदललेल्या मोज्यानेच पाण्याचा ग्लास उचलणाऱ्या, त्याच हाताने पलंगाचा कठडा, दाराची कडी, मोबाइल हाताळणाऱ्या ब्युरोच्या मावशी मी पुष्कळ पाहिल्यात. उघड्या हाताला घाण लागली की कळतं, मोज्यावरून कळत नाही. एका कामाला एक जोडी, काम झालं की काढून टाकायची. सॅनिटायझर लावून ती पुन्हा वापरायची नाही. काढताना एका मोज्याची मनगटाजवळची बाहेरची बाजू चिमटीत धरून तो उलटा करत ओढा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत धरा. मग मोकळ्या हाताचं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत सरकवून तोही उलटा करा, म्हणजे पहिला त्याच्या पोटात जातो. आणि त्यानंतर हात धुवायचेच, कारण मोज्याला न दिसणारी छिद्रं असू शकतात आणि काढताना हात लागतोच. नायट्राइलचे, पावडर नसलेले घ्या. लेटेक्सची काहींना ॲलर्जी असते. शिवाय व्हॅसलिनसारख्या तेलकट गोष्टींनी लेटेक्स कमजोर होतं, आणि तुम्हाला हातांना तेलकट काहीतरी लावावंच लागणार आहे.

भांडी घासायला मात्र जाड रबरी मोजे घ्या, आत सुती मोजे घालून. तुमच्या हातांचं निम्मं नुकसान सासूबाईंच्या खोलीत नाही, सैपाकघराच्या सिंकमध्ये होत असावं असा माझा अंदाज आहे. ते कुणी मोजत नाही.

डाव्या-उजव्या हाताचं चुलतसासूबाई म्हणतात ते अगदीच टाकाऊ नाही. आपल्याकडे शौचाला डावा, जेवायला उजवा ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि पाणी कमी, साबण नाही अशा काळात तिचा उपयोगही असणार. पण अंथरुणावरच्या माणसाचं डावा एकटा काही करू शकत नाही. कूस वळवायला एक हात, पुसायला दुसरा. मग धुताना दोन्ही एकमेकांवर चोळले जातात, टमरेलाची कडी उजव्याने धरलेली असते, नळ कुठल्या हाताने सोडला ते कुणाला आठवतही नाही. त्यामुळे ‘उजवा स्वच्छ आहे’ हा भरवसा खोटा. दोन्ही धुवायला हवेत.

तरी त्यातली एक कल्पना घेण्यासारखी आहे आणि आम्ही ती वॉर्डात रोज वापरतो. नळी घालताना एक हात अंगाला लागतो, तो लागला की आम्ही तो मळलेला धरतो, दुसरा हात फक्त निर्जंतुक सामानाला लावतो आणि मधेच अदलाबदल करत नाही. डायपर बदलताना तुम्हीही तसं करा. सुरू करण्याआधी मनाशी ठरवा, हा हात पुसण्याचा, हा हात धरण्याचा. पुसण्याचा हात फक्त ओले कपडे, कापूस आणि कचऱ्याची पिशवी यांना लागेल. धरण्याचा हात पाठ, खांदा, नवा डायपर यांना. नाक खाजलं, फोन वाजला, तर खाजू दे, वाजू दे. पहिले दोन-तीन दिवस गोंधळ होईल, मग हात आपोआप ऐकतात.

यातून मुख्य काम सुरू होतं, ते म्हणजे कामांची सांगड. तुमचं वर्णन वाचून वाटलं की दर पंधरा मिनिटांनी तुम्ही एक काम करता, धुता, दुसरं करता, पुन्हा धुता. सकाळची फेरी एकदम लावली तर धुणं आपोआप निम्म्यावर येतं. सगळं सामान आधी ट्रेमध्ये काढून घ्या: ग्लुकोमीटर, इन्सुलिन, थेंबाची बाटली, गॉज, नवा डायपर, कचऱ्याची पिशवी. मध्येच कपाट उघडायला गेलात की हात मळले आणि कपाटाची मूठही मळली. मग स्वच्छ कामांकडून मळक्या कामांकडे जा. हात धुऊन साखर तपासणं, इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, तोंड स्वच्छ करणं, नाश्ता. त्यानंतर पुन्हा हात स्वच्छ करून नळीची जागा. मग पाठीमागचं, डायपर, आणि मोजे काढून, हात धुऊन शेवटी युरिन बॅग. शेवटी साबण-पाणी. अर्थात शौच आधीच झाली असेल तर ती आधी उरकायची, तशा अवस्थेत कुणाला नाश्ता द्यायचा नाही. त्या दिवशी एक धुणं जास्त होईल, होऊ दे.

साखर तपासण्याबद्दल थोडं थांबते, कारण इथे हातांमुळे औषधच चुकू शकतं. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर मशीन रक्तातली नाही, बोटावरची साखर मोजतं. मोसंबी किंवा द्राक्षं सोलून त्याच बोटातून रक्त घेतलं तर आकडा भलताच चढा येतो, आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही तो खाली येत नाही. पाण्याने धुतलं की खरा येतो. खोट्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस वाढवला तर साखर घसरून जिवावर बेतू शकतं. आंब्याच्या दिवसांत हे विशेष ध्यानात ठेवा. धुवायचा तो हात इथे सासूबाईंचा, तुमचा तर धुवायचाच. धुऊन पूर्ण कोरडा करा, पाण्याने रक्त पातळ झालं तर आकडा उलट कमी येतो. टोचायचं ते बोटाच्या शेंड्याच्या कडेला, मधोमध नाही. तिथे दुखतं जास्त. टोचण्यासाठी उजव्या, म्हणजे जाणीव असलेल्या हाताची बोटं आलटून पालटून घ्या, बधिर हात सुजलेला असू शकतो.

नळीची जागा दिवसातून एकदा साध्या साबण-पाण्याने, पुढून मागे. अँटीसेप्टिक नको. बॅग मूत्राशयापेक्षा खाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. रिकामी करताना तोटीचं टोक मगाला लागू देऊ नका आणि तो मग दुसऱ्या कशालाही वापरू नका. नळी आणि बॅग यांचा जोड उगाच उघडू नका, तिथून जंतू आत शिरायला सोपी वाट असते.

धुण्याच्या पद्धतीत जास्त वेळ घालवत नाही, ती सगळ्यांना २०२० नंतर पाठ झाली आहे. फक्त राहून जातं ते सांगते. आधी हात ओले, मग साबण, कोरड्या हातावर साबण चोळलात तर त्वचेला जास्त लागतो. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास सुटतात. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा, नखं तळहातावर घासा. बेचा पाढा नेहमीच्या वेगात दोनदा म्हणा, वीस सेकंद होतात. नखं बोटाच्या आत ठेवा. अंगठ्या आणि घट्ट बांगड्या सेवेच्या वेळी काढून ठेवता आल्या तर उत्तम, नाहीच तर वर सरकवून खाली धुवा. मनगटाला बांधलेला देवाचा दोरा मात्र काढाच. तो दिवसभर ओला असतो, नळीवर लोंबतो, आणि देवाला तो देवघरात ठेवला तरी चालेल. नळ मळक्या हाताने सोडला असेल तर बंद करताना कोपराने किंवा कागदाने करा. पाणी साठवून ठेवावं लागत असेल तर पिंपात तांब्या बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं घ्या किंवा तोटीचा ड्रम. आणि हात पुसायला स्वतःचा वेगळा नॅपकिन, रोज धुतलेला. ओल्या हातांवरून जंतू फार सहज दुसरीकडे जातात. घासू नका, टिपा. बोटांच्या बेचक्याही टिपा.

धुऊन टिपल्या टिपल्या, हात किंचित ओलसर असतानाच, काहीतरी लावा. दिवसा वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर, बाळांसाठीचं असतं तसलं. रात्री व्हॅसलिन किंवा कोकमाचं तेल, ज्याला कोकणात मुठेल म्हणतात, थोडं गरम करून भेगांत भरा आणि वर जुने सुती मोजे घालून झोपा. खोबरेल तेलही चालतं. लिंबू, हळद, टूथपेस्ट, मीठ-पाणी, यातलं काही भेगांवर नको. आणि मेडिकलमधून ‘हाताची ट्यूब द्या’ म्हणून कुठलंही मलम आणू नका. त्यातल्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग कातडी पातळ होते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला सगळ्यात जास्त तीच सांगायची आहे. सासूबाईंचे हात कोण धुतं? तुमच्या सगळ्या वर्णनात त्यांचे हात कुठेच आले नाहीत, आणि ते बहुतेक घरांत येत नाहीत. अंथरुणावरचं माणूस दिवसभर खाजवतं, डायपरमध्ये हात घालतं, नळी ओढून बघतं, मग त्याच हाताने बिस्कीट खातं. भेटायला येणारे तोच हात हातात घेतात, त्याच हाताने त्या नातवाचा गाल कुरवाळतात. प्रत्येक खाण्याआधी आणि डायपर बदलल्यावर त्यांचेही हात धुवा. पसरट घमेलं किंवा टब मांडीशी ठेवून, कोमट पाण्यात. पाणी तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूने तपासा, त्यांच्या डाव्या हाताला चटका कळणार नाही.

त्या डाव्या हाताची मूठ आवळलेली असणार. ती बोटं ओढून उघडू नका, ओढाल तितकी ती घट्ट होते. त्यांचं मनगट हलकेच तळहाताच्या बाजूला वाकवा, बोटं आपसूक सैल पडतात. मग अंगठा त्याच्या मुळापाशी धरून बाहेर घ्या, आणि मग एकेक बोट. आत पाहाल तर तळहात पांढरा, भिजलेला, आंबूस वास येणारा असेल, कदाचित नखांनी खळगे पडलेले. साबणाने धुवा, बेचक्या टिपून अगदी कोरड्या करा, नखं कापा, आणि मुठीत मऊ सुती कापडाची गुंडाळी द्या, दरवेळी धुतलेली. उजव्या हातात ओला रुमाल देऊन डावा त्यांनाच पुसायला सांगा. त्याने त्या हाताकडे त्यांचं लक्ष राहतं. पक्षाघातात माणूस आपल्या एका बाजूला विसरतं, ती विसरू द्यायची नसते. आणि बसवताना त्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो.

बघायला येणाऱ्यांसाठी दारातच सॅनिटायझर ठेवा आणि ‘काका, आधी हात’ एवढं म्हणायला लाजू नका. अंगारा कपाळाला लावू द्या, जिभेवर नको. तीर्थाचंही तेच.

मुलाबद्दल: भरवण्याआधी साबणाने धुतलेले हात असतील तर घाबरायचं कारण नाही, त्याला आजीच्या खोलीत येऊ द्या. फक्त आजीकडून बाहेर पडताना त्याचेही हात धुवा. त्याला ही सवय या वयात खेळ म्हणून लागते.

शेवटी, हे सगळं करून दोन आठवड्यांत हात सुधारले नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पू, वाढती लाली, सूज, ताप असेल तर त्याआधीच. बेचक्यांमध्ये पांढरी, ओली, सोललेली कातडी म्हणजे बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं. रात्री खाज वाढत असेल, बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ असेल आणि सासूबाईही खाजवत असतील, तर खरजेचा संशय घ्या. खरूज हात धुऊन जात नाही. सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावं लागतं, नाहीतर ती घरात फिरत राहते. तपासायला जाताना सध्याच्या साबणाचं वेष्टन, अँटीसेप्टिकची बाटली आणि घरात लावून पाहिलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. नुसते हात पाहून डॉक्टरांना निम्मंच कळतं.